अँबॉयची पाटी आणि अँबॉयचं पाणी

कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातल्या अँबॉयचे फोटो शोधले की दर वेळी तीच पाटी समोर येते: मोकळ्या आभाळात पन्नास फूट उंच, खाली रोखलेला मोठा बाण, वर 'रॉय्ज'. सोबतची कहाणीही ठरलेली. रूट 66 होता तोवर भरभराट, 1973 मध्ये इंटरस्टेट 40 उत्तरेकडून गेला आणि गाव ओस पडलं. तारीख बरोबर आहे. पण एवढ्यावर थांबणाऱ्यांनी या थांब्याकडे नीट पाहिलेलंच नाही, असं माझं मत.

मुळात हे रेल्वेचं अपत्य. 1883 मध्ये अटलांटिक अँड पॅसिफिकचा मार्ग आखला गेला तेव्हा इथल्या स्टेशनांना इंग्रजी वर्णानुक्रमाने नावं दिली गेली: अँबॉय, कॅडिझ, डॅनबी, फेनर, गॉफ्स. इंजिनियरचा हिशेबीपणा, दुसरं काय! गावाशेजारी ब्रिस्टल कोरडं सरोवर आहे, तिथे आजही मीठ काढतात. म्हणजे जमिनीखालचं पाणी कसं असणार ते सांगायला नको. पिण्याचं पाणी बाहेरून, रेल्वेने आणावं लागे.

रॉय क्राऊल यांनी 1938 मध्ये इथे पेट्रोलपंप आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे त्यांचे जावई बस्टर बरिस यांनी कॅफे, मोटेल आणि चोवीस तासांचं गॅरेज उभं केलं. या वाळवंटात तेव्हाच्या गाड्या तापायच्या, टायर फुटायचे. टोचन करून आणलेल्या गाड्यांवर हे गाव जगत होतं, असं म्हटलं तरी चालेल. पाटी 1959 ची, म्हणजे शेवटच्या भरभराटीची. फोटोत मात्र तीच सगळा इतिहास होऊन बसते, गॅरेजकडे कुणी वळत नाही.

2005 मध्ये आल्बर्ट ओकुरा या उपाहारगृहाच्या धंद्यातल्या गृहस्थांनी अख्खं गाव सव्वाचार लाख डॉलरला घेतलं. 2008 मध्ये पेट्रोल परत सुरू झालं, 2019 मध्ये पाटीचे निऑन दिवे लागले. जिद्द मोठी, कबूल. पण मोटेलच्या खोल्या बंदच राहिल्या, कॅफेत ताटभर जेवण मिळेना, कारण गोडं पाणीच नाही. 1978 पासून सत्तर किलोमीटरवरून नर्मदेचं पाणी पंप करून पिणाऱ्या आम्हा इंदूरकरांना ही अडचण चटकन कळते. अँबॉयवर लिहिणाऱ्यांना मात्र ती तळटीपेपुरतीही वाटत नाही.

अँबॉयवरचं पुढचं पुस्तक पाण्याच्या टाकीपासून आणि गॅरेजच्या दारापासून सुरू व्हावं. पाटीचा फोटो मलपृष्ठावर असला तरी पुरे.