घर, दहलीज, दरवाजा

व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलामेळ्यात २०११ साली भारताचे राष्ट्रीय दालन उभे राहिले. मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे यांनी त्यासाठी मोजकेच कलावंत निवडले: झरीना हाश्मी, गीगी स्कारिया, प्रणीत सोई आणि डिझायर मशीन कलेक्टिव्ह. माणूस एकाच वेळी अनेक ठिकाणचा असू शकतो, हे या मांडणीचे सूत्र. मी हे काम छायाचित्रांतून पाहिले. तरी झरीनांची छापचित्रे मनातून जात नाहीत.

झरीना १९३७ साली अलिगढला जन्मल्या. १९५९ मध्ये कुटुंब कराचीला गेले. त्या स्वतः बँकॉक, पॅरिस, टोकियो करीत न्यूयॉर्कला राहिल्या आणि २०२० साली लंडनमध्ये वारल्या. ‘होम इज अ फॉरिन प्लेस’ या १९९९ च्या मालिकेत लाकडी ठशांची ३६ चित्रे आहेत. प्रत्येकावर नस्तालिक वळणाचा एक उर्दू शब्द: घर, दहलीज, दरवाजा. माणूस कुठेच नाही. काळ्या रेघांत घराचा आराखडा तेवढा. गेलेल्या घराचे रडगाणे न गाता त्यांनी ते भूमितीत मांडले. गणिताचे शिक्षण इथे उपयोगी पडले.

तरी एक शंका उरते. झरीनांचे घर प्राध्यापकाचे, अंगणाचे. ज्याच्यापाशी असे घरच नव्हते, त्याचे विस्थापन कोणत्या रेघेत बसणार? आपल्या नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पाहा. १८५७ नंतर उत्तरेतून मोमीन विणकर इथे आले. त्यांनी सोबत आणली ती हातातली विद्या आणि बोली. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले. कामाने त्यांना इथले केले. म्हणून कोलकात्याच्या कुमारटुलीतला मुद्रक विषय करणारे सोई मला अधिक जवळचे वाटतात. स्कारियांच्या लिफ्टमधून गरीब-श्रीमंतांची घरे दिसतात. कल्पना चतुर आहे, पण पाहणारा कोणत्याच मजल्यावर उतरत नाही.

व्हेनिसमध्ये त्या उर्दू अक्षरांकडे अनेकांनी नक्षी म्हणूनच पाहिले असेल. माझ्या सहावीच्या वर्गात मुलांनी ती सहज वाचली. एका मुलीने विचारले, “सर, घर तो मराठी में भी घर है, फिर परदेस कैसे?” झरीनांच्या शीर्षकाला मिळालेला हा खरा प्रश्न आहे. भारताच्या दालनात उर्दू भारताची भाषा म्हणून टांगली गेली. आपल्या गावात तिला दहलीजवर थांबवू नये, एवढेच मागणे.