नाबोथाचा मळा आणि संदेष्ट्याचा संताप

पेण, रोहे, अलिबाग या पट्ट्यातील बेने इस्राएल समाजाने एलिया संदेष्ट्याला कोकणचा केले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली ‘एलियाहू हन्नाबी’च्या नावाने मलिदा करीत आले, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. नवस, मंगलकार्य, आजारातून सुटका यांत एलिया जिवंत राहिला. पण राजाला जाब विचारणारा एलिया आमच्या सांस्कृतिक चर्चेत कितीसा आला?

बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागातील नाबोथाची कथा या दृष्टीने वाचली पाहिजे. अहाब राजाला वाड्यालगतचा मळा भाजीपाल्यासाठी हवा असतो. तो मोबदला देऊ करतो. वाडवडिलांची जमीन म्हणून नाबोथ नकार देतो. मग राणीची पत्रे, राजाची मोहोर, गावचे वडीलधारे आणि दोन खोटे साक्षीदार एकत्र येतात. आरोप कोणता? देवाची आणि राजाची निंदा! नाबोथ दगडांखाली मरतो. जमीन हडपताना धर्म आणि न्यायपीठ कसे राबवले जातात, याचे इतके उघडे चित्रण विरळाच. एलिया त्या मळ्यातच राजाला गाठून खुनी ठरवतो.

परंतु येथे भारावून थांबणे ही समीक्षा नव्हे. अहाब गोणपाट नेसून उपास करतो आणि शिक्षा मुलाच्या पिढीवर ढकलली जाते. मळा नाबोथाच्या घरी परत गेल्याचे कथा सांगत नाही. राजाचा गर्व उतरला म्हणून कुळाच्या हाती जमीन येत नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे संप केला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. दैवी शापाच्या जागी तेथे संघटना आणि कायदा आला.

२१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या भूसंपादनावर जमीनधारकांचे मत घेतले गेले. नाबोथाचा नकार या वेळी मतपत्रिकेवर उमटला. पण ज्याचे नाव सातबाऱ्यावरच नाही, त्या भूमिहीन दलिताचे, कातकऱ्याचे काय? माझ्या वर्गात सातबारावाल्यांची आणि बिनसातबाऱ्याची मुले एकाच बाकावर बसतात. नाबोथाची कथा पहिल्याला लगेच कळते, दुसरा विचारतो, “सर, आमचा मळा कुठला?”

उत्तराची दिशा त्याच ग्रंथात आहे. अहाबाकडे जाण्याआधी, दुष्काळात, एलिया सारफथच्या विधवेच्या दारी जातो. तिच्याकडे जमीन नाही; मूठभर पीठ आणि थोडे तेल आहे. ती परधर्मीय, परदेशी आहे. दुर्बळांची कणव म्हणजे केवळ मालकाच्या हक्काचे रक्षण नव्हे, हे या प्रसंगाने ठरते. मात्र हा संदेश ऐकलेल्या समाजालाही जातीने सोडले नाही. बेने इस्राएलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद रुजला होता.

म्हणून संदेष्ट्याचे वाङ्मय आपण भक्तीने नव्हे, हिशेबाने वाचावे. राजाला शाप किती मोठा दिला, हा प्रश्न दुय्यम. बिनसातबाऱ्याच्या माणसाच्या हाती काय आले, तेच या वाङ्मयाचे आणि आपल्या चळवळीचेही मोजमाप होय.