पहिल्या बँडचं काय?

रॉक म्हणजे मुंबईतल्या कॉन्व्हेंटवाल्यांचं संगीत, असं आपण सहज म्हणून टाकतो. अलिबागच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आम्हाला ते पटत नाही.

१९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. एकामागून एक बँड, तेही ऐन पावसाळ्यात. मांडवा-गेटवे लाँच तेव्हा बंद. म्हणून आम्ही एसटीनं, पेण-पनवेलमार्गे जायचो.

आमचा कान हळदीच्या बेंजोवर तयार झालेला. बेंजो म्हणजे तरी काय? विजेवर चढवलेलं बुलबुलतरंगच की! त्यामुळे गिटारचा कर्कशपणा आम्हाला परका नव्हता. खटकली ती दोन बँडांमधली सामसूम. बेंजोवाला नाचणाऱ्यांकडे बघून चाल बदलतो. इथे प्रत्येक बँड ठरलेली गाणी वाजवून उतरतो, वायरी बदलेस्तोवर तापलेली गर्दी थंड होते आणि पुढच्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तरीही आपण लिहितो ते शेवटच्या, नावाजलेल्या बँडवर. आमच्या मते खरी परीक्षा पहिल्याची. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, आवाजही नीट लागलेला नसतो. त्यानं दहा माणसं जरी पुढे ओढली, तरी मैफल जमली.

पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवन गप्प झालं. शेजारी रुग्णालय, कॉलेज. नियम चुकीचा नव्हता. पण नवख्यांची उघड्यावरची एक जागा गेली, ती गेलीच. उद्या आपल्या किनाऱ्यावर असा कार्यक्रम झाला, तर पहिला बँड इथलाच हवा. आणि आपण वेळेवर पोचायला हवं.