चरखा पुढे, माणूस मागे

मोबाइलच्या पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेषा दिसतात. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे माणूस बसवला की फोटो नीटस होतो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. तरी बरेच जण विचारतात, ‘सर, नियम तर पाळला, मग फोटो काही बोलत का नाही?’ आज याचं उत्तर एकाच छायाचित्रात शोधू.

१९४६ साली, आपल्या पुण्यातच, मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’ या अमेरिकी साप्ताहिकासाठी गांधीजींचं चरख्यासोबतचं छायाचित्र टिपलं. तुम्ही ते कितीदा तरी पाहिलं असेल. पडद्यावर दाखवण्याआधी आठवून सांगा, गांधीजी त्यात काय करताहेत?

‘सूत कातताहेत.’ नेहमी हेच उत्तर येतं. आता बघा. ते वाचताहेत! हातात कात्रणं, मान खाली. चरख्याला त्यांचा हातही लागलेला नाही.

मग आपल्याला सूतकताई का आठवते? कारण बाईंनी चरखा पुढे घेतला. कॅमेऱ्याजवळची वस्तू मोठी दिसते, एवढं साधं गणित. चाक मोठं, गडद, अगदी आपल्यासमोर. त्याच्यापलीकडे लहानसे गांधीजी. त्यांच्यापर्यंत पोचायचं तर नजरेला चरख्यावरूनच जावं लागतं. हेच उलट करून बघा. गांधीजी पुढे, चरखा मागे कोपऱ्यात. माणसं तीच, खोली तीच. पण चरखा मग घरातलं सामान होऊन बसतो.

बाईंनीच लिहून ठेवलंय की फोटो काढण्याआधी त्यांना सूत कातायला शिकावं लागलं, आणि फ्लॅशचे तीनच बल्ब वापरायची मुभा मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्याने साधलं. म्हणजे काढून बघू, मग ठरवू, ही चैन नव्हती. उभं कुठे राहायचं हे आधीच ठरवावं लागणार होतं.

इथवर कौतुक. आता माझी तक्रार. १९४६ हे कॅबिनेट मिशनचं वर्ष. देशाचं काय होणार याच्या वाटाघाटी चालल्या होत्या. अशा वेळी गांधीजी वर्तमानपत्रांची कात्रणं वाचताहेत, म्हणजे राजकारणाचा माणूस आपलं काम करतोय. हे चित्रात आहे, लपवलेलं नाही. पण पुढचं चाक ते गिळून टाकतं. आपल्याला संत आठवतो, वाचणारा राजकारणी आठवत नाही. रचना जितकी पक्की, तितकी ती बाकीचं विसरायला लावते. हे या छायाचित्राचं बळ आहे आणि माझ्या मते त्याची उणीवही तीच.

तेव्हा रेषा, छेदबिंदू हे शिकाच, त्यात वाईट काही नाही. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: कोणाच्या पुढे कोण? उद्या स्वयंपाकघरात आईचा फोटो काढाल. ओट्यावरची भांडी पुढे घेतलीत तर तिचे कष्ट दिसतील, आणि कदाचित तेवढेच दिसतील. दोन पावलं बाजूला सरकलात, तर खिडकीशी पेपर वाचणारी आईही सापडेल. दोन्ही फोटो खरेच. त्यातला कोणता घरात राहील आणि पुढच्यांना कोणती आई आठवेल, हे मात्र तुम्ही कुठे उभे राहता त्यावर ठरणार आहे.