चूल नसलेल्या खोलीत वाचलेलं पुस्तक



शाहू पाटोळेंचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ मी आकुर्डीत दोन पाळ्यांच्या मधे वाचलं. २०१५चं पुस्तक. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजायचं, ते त्यात कृतीसकट आहे. चान्या, रक्ती, सगळं. लाज नाही, कीव मागणं नाही. पांढरपेशा पाककृतींच्या पुस्तकांत आपली चूल कधी पेटलीच नव्हती. आणि गंमत बघा, त्याच २०१५ साली राज्यात गाईपाठोपाठ बैल-वळूच्या कत्तलीवर बंदी आली. ताट पुस्तकात आलं आणि गुन्ह्यातही!

तरी माझी तक्रार आहे. पाटोळेंपेक्षा ती आपल्या सगळ्यांबद्दल आहे. गावकुसाबाहेरची भूक आपण लिहिली. शहरातली अण्णाभाऊंनी ‘स्मशानातील सोनं’मध्ये ओळखली. खाणीचं काम सुटतं आणि भीमा मढी उकरू लागतो. काम गेलं की भूक, असा तो हिशोब. माझ्या रूमपार्टनरला काम आहे. ठेक्यावर का असेना, आहे. रात्रपाळी करून येतो, वडापाव-चहा घेतो, झोपतो. पोट भरलेलं, आणि जिना चढताना धाप. ह्याला काय म्हणायचं? आपल्या कवितेत ह्याला शब्द नाही.

आई म्हणायची, “दुष्काळात बी बांधाला घोळ, तांदूळजा घावायचा रं.” गावानं टाकलेलं खायला लावलं, ती जातीची क्रूरताच. तिचे गोडवे गायचे नाहीत. पण त्या रक्तीत लोह होतं, त्या पाल्यात कस होता. इथं पाल्याची जुडी विकत, वजडीही विकत. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्य हक्काचं केलं. हक्क मोठा, सोडायचा नाही. पण कायद्यानं हमी दिली ती धान्याची. डाळ, भाजी, अंडं ज्याचं त्यानं बघायचं. २०२०ला १० रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्यात वरण-भाजी होती. ती दुपारची, रात्रपाळीवाला तेव्हा झोपलेला.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला येते. त्या रात्री पंगती उठतात, आम्हीही बसतो. दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याकडं, आम्ही वडापावच्या गाडीवर.

पाटोळेंनी चुलीपर्यंत आणून सोडलं. पण आमच्या कॉटबेसिसच्या खोलीत स्टोव्हलाही मालकाची बंदी आहे. तिथून पुढचं प्रकरण त्यांनी का लिहावं? ते आपलं काम आहे. आठवडाभर काय खाल्लं, केवढ्याला पडलं, कुणी शिजवलं, एवढंच लिहून अंकाकडं पाठवा. कविता नसली तरी चालेल.