शरीराचा होकार

मानसोपचार म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते: एक माणूस बोलतो आहे आणि दुसरा ऐकतो आहे. हे चित्र खोटे नाही. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरचा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका रुग्ण स्त्रीनेच आपल्या उपचाराला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले होते. मराठी वाचकाला बऱ्यापैकी परिचित झालेली अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धतीही मुख्यतः बोलण्याचीच. विचार तपासा, तो सुधारला की भावनाही सुधारेल, असे ती सांगते. या सगळ्या संभाषणात शरीर मात्र खुर्चीत मुकाट बसून असते.

यूजीन जेंडलिन यांचे ‘फोकसिंग’ हे १९७८ साली निघालेले छोटेखानी पुस्तक खुर्चीतल्या या मुक्या शरीराकडे वळून पाहते. अशी पुस्तके आज कमी नाहीत. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचे २०१४ सालचे पुस्तक तर जगभर खपले. भीषण आघात सोसलेल्यांचे शरीर त्या आघाताचा हिशेब कसा ठेवते, हे त्यात सांगितले आहे आणि त्यातील काही दाव्यांवर तज्ज्ञांत वादही झाले आहेत. जेंडलिन मात्र तुमच्याआमच्या रोजच्या बेचैनीपासून आरंभ करतात. म्हणून घरगुती वाचकाने आधी त्यांच्याकडे जावे, असे मला वाटते.

जेंडलिन यांचा जन्म १९२६चा, व्हिएन्नातल्या एका ज्यू कुटुंबातला. १९३८ साली ऑस्ट्रिया हिटलरच्या घशात गेला आणि या कुटुंबावर देश सोडून पळण्याची पाळी आली. पळण्याच्या वाटेवर वडिलांनी एका माणसाची मदत नाकारली. कारण एवढेच, की त्यांना आतून ‘नको’ असे वाटले. मुलाला हा प्रश्न जन्मभर पुरला: हे ‘आतून’ म्हणजे नेमके कुठून? पुढे शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत असता ते कार्ल रॉजर्स यांच्या सहवासात आले आणि मानसोपचाराकडे वळले. २०१७ साली त्यांचे निधन झाले.

उपचाराने काहींना गुण येतो आणि काहींना वर्षे लोटली तरी येत नाही, असे का? जेंडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक बैठकांची ध्वनिमुद्रणे ऐकून याचा शोध घेतला. उपचारकाची पद्धत कोणती किंवा रुग्ण कोणत्या विषयावर बोलतो, यावर फारसे काही अवलंबून नव्हते. ज्यांना गुण येणार होता ते मध्येच थांबत, चाचपडत. ‘राग आलाय... नाही, राग नव्हे... कसं सांगू?’ असे म्हणत ते आत कुठेतरी कान देत. ज्यांना आपले दुःख घडाघडा सांगता येत होते, ते बहुधा होते तिथेच राहिले. शाळेत आम्ही घडाघडा उत्तर देणाऱ्याला गुण देतो. या परीक्षेत अडखळणारा उत्तीर्ण होतो, हे वाचून शिक्षकाने अंमळ अंतर्मुख व्हावे.

पुस्तकातला एक दाखला फार बोलका आहे. प्रवासाला निघालेल्या माणसाला काहीतरी विसरल्याची रुखरुख लागते. तो एकेक गोष्ट आठवून पाहतो. ‘हे असेल का?’ कारण पटण्याजोगे असते, पण रुखरुख जागची हलत नाही. मग एकाएकी आठवते: मित्राला दाखवायची छायाचित्रे घरीच राहिली! त्या क्षणी छातीतला श्वास मोकळा सुटतो. वास्तविक छायाचित्रे काही हाती आलेली नसतात, अडचण होती तशीच असते. तरीही शरीराने होकार दिलेला असतो. जेंडलिन यांची सारी पद्धत या होकाराची वाट पाहण्याची आहे. मन जरा मोकळे करून बसावे, एखादी अडचण समोर घ्यावी आणि ती छातीपोटात कशी जाणवते याकडे लक्ष द्यावे. त्या धूसर जाणिवेला एखादा शब्द लावून पाहावा. तो बसला नाही तर परत घ्यावा आणि दुसरा लावावा.

लिहिणाऱ्या माणसाला हे नवे नाही. कवी पुढच्या ओळीसाठी अडतो तेव्हा सुचलेल्या दहा ओळी त्याची ती रिकामी जागाच नाकारते, असे जेंडलिन सांगतात. कादंबरीतल्या पात्राच्या तोंडचे वाक्य खोडताना मीही हाच अनुभव घेते. वाक्य व्याकरणशुद्ध असते, अर्थही बरोबर असतो, पण पोट म्हणते, ‘तसं नाही.’

आता कोणी म्हणेल, आम्हा मराठी माणसांना हे अमेरिकन प्राध्यापकाने शिकवायला हवे काय? आपल्या भाषेत भीतीने पोटात गोळा येतो, दुःखाने घसा दाटतो, मायेने पोट तुटते, धास्तीने हातपाय गळतात. इगतपुरीला १९७६ पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतली विपश्यना शिकवली जाते. तिथेही अंगावरच्या संवेदनांकडेच पाहायचे असते. हे सगळे खरे आहे. परंतु विपश्यना संवेदनेकडे समभावाने पाहायला सांगते, तर जेंडलिन तिला प्रश्न विचारायला सांगतात. दोन्ही वाटा सारख्या नव्हेत. आणि वाक्प्रचारांचे म्हणाल, तर माझी तक्रार नेमकी इथेच आहे. तयार शब्द तोंडात असला की शोध थांबतो. ‘पोटात गोळा आला’ असे आपण म्हणतो, पण गोळा खरोखर पोटातच आहे का, तो गोळाच आहे का, हे पाहायला कोण थांबते?

वर्गात दर वर्षी एखादे तरी मूल असते, ज्याचे पोट ठरावीक तासाला दुखते. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हटले की घरचे ‘नाटकं’ हा शब्द काढतात. अशाच एका मुलाला मी विचारले, ‘पिळल्यासारखं दुखतं का रे?’ तो म्हणाला, ‘नाही बाई.’ ‘मग गोळा आल्यासारखं?’ ‘तसं नाही.’ मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘कुणीतरी आत मूठ आवळून बसलंय, आणि उघडायला घाबरतंय.’ असे म्हणताना त्याचे खांदे उतरले, ते मी पाहिले. मोठ्याने वाचायची पाळी आली की ही मूठ आवळली जाते, हे त्याने त्यानंतर आपणहून सांगितले. मी पुढे केलेले दोन्ही शब्द मराठीत उत्तम होते. ते त्या पोराचे नव्हते.

इतके मोल मान्य करूनही पुस्तकाविषयीचे माझे आक्षेप सांगितलेच पाहिजेत. पहिला किरकोळ आहे: सहा पायऱ्यांची यादी पाककृतीसारखी वाटते. अर्थात सूचना तुमच्या आतल्या जाणिवेच्या विरुद्ध जाऊ लागली तर ती बाजूला ठेवा, असे जेंडलिन स्वतःच बजावतात. दुसरा आक्षेप घरांविषयी आहे. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर स्वतःशी थांबायला जागा कुठली? त्या घरातल्या सुनेला निवांत क्षण मिळायचा तो पहाटे किंवा मोरीत.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. शरीराचा आवाज शहाणा असतो, असा या लेखनाचा सूर आहे. वडिलांच्या ‘आतून नको’ने एक कुटुंब कदाचित वाचले असेल. पण परजातीच्या माणसाला घर भाड्याने देताना घरमालकालाही आतून ‘नको’च येते! घबराटीचा झटका आलेल्याचे काळीज मरण समोर असल्याची ग्वाही देते, आणि मरण तर कुठेच नसते. शरीर आपल्या भीतीची बातमी खरी देते. जगाची देतेच असे नाही. म्हणून होकार आला की विचाराचे काम संपत नाही, सुरू होते. एलिस यांची तपासणी इथेच उपयोगी पडते. शिवाय दुखणाऱ्या अंगाला आधी डॉक्टर दाखवावा, आणि जुना आघात मोठा असेल तर जाणत्या उपचारकाच्या सोबतीशिवाय आत उतरू नये, हेही सांगितले पाहिजे.

तरीही हे पुस्तक घरात असावे, आणि ते ऐकणाऱ्याने आधी वाचावे. सणासुदीला घर भरलेले असते, आणि त्या गर्दीत कोणीतरी ‘काही नाही, जरा बरं वाटत नाही’ असे म्हणून आतल्या खोलीत जाते. आपण लगेच आल्याचा चहा, झोप किंवा ‘फार विचार करू नकोस’ यांपैकी एक काहीतरी पुढे करतो. त्याऐवजी जवळ बसून ‘कसं वाटतंय?’ एवढेच विचारावे आणि पहिल्या उत्तरावर समाधान मानू नये. समोरचे माणूस ‘तसं नाही...’ म्हणून थांबले, तर त्याला शब्द सुचवू नये. तो त्याला स्वतःला सापडायचा आहे.