वाल्टर काउफमान : पियानो, आकाशवाणी आणि रागविचार

हडपसर येथे सोलापूर रस्त्यावर ‘आकाशवाणी’ या नावाचा बसथांबा आहे. तेथे चढणाऱ्या-उतरणाऱ्यांपैकी अनेकांच्या कानांवर प्रभातीच्या प्रसारणाआधी वाजणारी आकाशवाणीची सूचक धून कधी ना कधी पडलेली असते. तिचा कर्ता मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. ही धून सामान्यतः वाल्टर काउफमान यांची मानली जाते. परंतु या एका धुनेवरच त्यांचे मूल्यमापन थांबविणे न्याय्य होणार नाही. त्यांचा रागविषयक ग्रंथ विचारात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे खरे स्वरूप कळत नाही.

काउफमान यांचा जन्म 1907 साली बोहेमियातील कार्ल्सबाड येथे एका जर्मनभाषी ज्यू कुटुंबात झाला. बर्लिन येथे त्यांनी फ्रांत्स श्रेकर यांच्यापाशी संगीतरचनेचे शिक्षण घेतले. पुढे प्राग येथील जर्मन विद्यापीठात त्यांनी प्रबंध सिद्ध केला. परंतु आपले मार्गदर्शक नाझी पक्षाशी संबद्ध आहेत, असे कळताच त्यांनी पदवी घेण्याचे नाकारले. 1934 साली ते मुंबईस आले आणि बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी ही संस्था त्यांनी स्थापन केली. तेथे त्यांचा पियानो, मेहली मेहता यांचे व्हायोलिन आणि एदिजिओ वेर्गा यांचा चेलो असे त्रिकूट जमले. 1937 ते 1946 या काळात ते मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दुसरा एक परकीय पियानोही गाजत होता. टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन जाझवादक ताजमहाल हॉटेलात वाजवीत असत. जाझमध्ये वादक ऐन वेळी विस्तार करतो. त्या दृष्टीने आपल्या आलापाशी त्याचे नाते लिखित पाश्चात्त्य रचनेपेक्षा अधिक जवळचे वाटते. असे असूनही रागाचा शास्त्रीय शोध घेतला, तो लिखित परंपरेत वाढलेल्या काउफमान यांनी. यात विसंगती नाही. आरंभी भारतीय संगीत त्यांना अगदी परके वाटले. परंतु बुद्धिमान आणि सहृदय माणसांनी घडविलेले संगीत आपल्याला कळत नसेल, तर उणीव आपल्यातच असली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. संशोधकाला शोभणारा हा विनय त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी आहे.

या कार्याचे फळ म्हणजे ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ (1968) हा ग्रंथ. त्या वेळी ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात अध्यापक होते. ग्रंथाची मांडणी भातखंडे यांच्या दहा थाटांवर आधारलेली आहे. म्हणजे ज्या विचाराची उभारणी पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथात केली, तोच येथे इंग्रजी वेषात जगापुढे आला, असे म्हणावयास हरकत नाही.

आता गुणदोषांचा विचार करू. भूपाली आणि देशकार यांचे स्वर तेच; परंतु एकात गांधार वादी, तर दुसऱ्यात धैवत. असा भेद आरोह-अवरोह, वादी-संवादी आणि प्रमुख स्वरसमूह लिहून दाखविता येतो, आणि येथे काउफमान यांची पद्धती उपयोगी ठरते. दरबारीच्या आंदोलित गांधाराची गोष्ट मात्र वेगळी. तो स्वर पाश्चात्त्य रेघांवरील एका बिंदूत मावत नाही. पियानोच्या बारा स्थिर स्वरांची मर्यादा अशा रीतीने लेखनातही उतरते. 1940 साली नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्या मुळाशी हाच आक्षेप होता. एक पियानोवादक त्या वेळी त्याच संस्थेत काम करीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळते. तथापि हा दोष केवळ परकीयाचा म्हणता येत नाही. भातखंडे यांच्या स्वरलिपीतही ते आंदोलन पुरते उतरत नाही. किंबहुना, लिहिलेला राग हा गायिलेल्या रागाचा आराखडाच असतो. काउफमान यांच्या ग्रंथाचा उपयोग आराखडा म्हणून करावा. त्यावरून राग शिकू पाहणे ही वाचकाची चूक ठरेल.

या दृष्टीने ती धून पुन्हा ऐकावी. ती शिवरंजनीच्या स्वरांत आहे, असे मानतात. खाली तानपुऱ्याचा नाद आणि वर व्हायोलिनची एकेरी स्वररेषा, एवढेच तिचे साहित्य. स्वरसंवादाच्या शास्त्रात मुरलेल्या रचनाकाराला तिच्याखाली सहस्वरांची रास घालणे अवघड नव्हते. ती घातलेली नाही, हेच महत्त्वाचे. ग्रंथात जे मावले नाही, त्याची जाण या संयमात दिसते.

1984 साली काउफमान यांचे निधन झाले. 2020 साली कॅनडातील एआरसी वादकवृंदाने त्यांच्या रचना ध्वनिमुद्रित केल्यावर त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. आपल्या विद्यार्थ्यांनी भातखंडे यांचा मराठी ग्रंथ आणि काउफमान यांचा इंग्रजी ग्रंथ शेजारी ठेवून एखादा राग ताडून पाहावा, आणि नंतर तोच राग एखाद्या जाणत्या गायकाच्या मुखातून ऐकावा. दोन्ही ग्रंथांचे मोल आणि दोहोंची मर्यादा त्यावरून आपोआप स्पष्ट होईल.